बाहुलीची हळद

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

मस्तगड, जालना
बुधवार, ता. २० मे १९९२

चि. सौ. द्वारका हिला जालन्याहून आक्काची मायेची आठवण.

देवीच्या कृपेनं इकडे सारे बरे आहेत. तू, रामकिसन आणि दावणीची गाय, सारे खुशाल असाल. इथं नळाला चार दिवसांआड पाणी येतं, ते भरण्यातच अर्धा दिवस जातो. कैऱ्या यंदा महाग, म्हणून लोणचं निम्मंच घातलं. हे दुकानातून दुपारी जेवायला घरी येत नाहीत, उन्हाचा त्रास होतो म्हणून डबा नेतात. बाकी ठीक.

पत्र मोठं होणार आहे. म्हणून अंतर्देशीय न घेता हिशेबाच्या वहीची मागची कोरी पानं काढून घेतली. अक्षर मुद्दाम मोठं आणि सुटं काढून राह्यले. हे पत्र रामकिसनकडून वाचून घेऊ नको. तुझं तू वाच. एखाद्या शब्दाला अडलीस तर थांब, पाणी पी, पण तूच वाच.

रामकिसनचं कार्ड मिळालं होतं. ‘द्वारकाची तब्येत बरी नसते, यंदा पोरांना पाठवू नये.’ एवढ्या दोनच ओळी. तब्येतीला जप. आखाजीच्या सणाला यंदा न्यायला मुराळी आला नाही, बोलावणं आलं नाही, त्याचं मी मनात काही धरलं नाही.

सुट्टी लागल्याला महिना होत आला. धर्माला अकरावं सरून बारावं लागलं, बेबीनंदा नऊची झाली. गेली सहा वर्षं पेपर संपले की रामकिसनमामा येणार आणि भाच्यांना जाफराबादला घेऊन जाणार, हे ठरलेलंच. यंदाही शेवटचा पेपर देऊन आली त्याच दिवशी बेबीनंदानं दोन फ्रॉक पिशवीत भरून ठेवले. पिशवी आठ दिवस दारामागच्या खुंटीला होती. मंग मीच काढली. धर्मा म्हणाला, “मामीनं आपल्याला टाकलं का आई?”

मी म्हटलं, “मामीला बरं न्हाई रे.”

“मंग तर जायलाच पाहिजे. पाणी कोण आणून राह्यलं तिला?”

बैल बघायला तिकडं येणाऱ्या कचरूमामांनी तुला मागच्या बाजाराला डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन जाताना पाहिलं होतं. ते मी पोरांना सांगितलं नाही.

पोरांना रिकामं ठेवायचं नाही म्हणून मी वेळापत्रक केलं. मॅट्रिक झालेली आई ना! सकाळी स्तोत्र, मंग दहा ओळी शुद्धलेखन, मंग पाढे, दुपारी झोप, संध्याकाळी देवळात. बिलकुल बिनखर्चाचं. कागद भिंतीला चिकटवला. तिसऱ्या दिवशी धर्मानं विचारलं, “आई, परीक्षा कधी हाय?”

“कशाची?”

“या सुट्टीची.”

कागद काढून टाकला. मंग मी तुझी नक्कल करायला गेले. कुरडया घातल्या, दोघांना वाटीभर चीक खाऊ घातला, हातात काठी देऊन गच्चीवर राखणीला बसवलं. अर्ध्या तासात दोघं खाली आणि कावळ्यांनी एक कोपरा साफ केलेला. मी ओरडले, तर बेबीनंदा म्हणती, “मामी तर कावळ्यांना नावं ठेवती. एक तहसीलदार, एक कंडक्टर. तहसीलदार आला की हात जोडून म्हणायचं, साहेब, यंदा दुष्काळ आहे. कंडक्टर आला की ‘पुढं सरका, पुढं सरका’ करत पार कडेपर्यंत न्यायचं. इथले कावळे नुसते कावळेच हायेत.”

हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मी तरी कधी विचारलं!

चिंचोके फोडून, फरशीवर घासून, कोळशानं चल्लसचा पट आखून दिला. ‘खेळा’ म्हणाले आणि पोथी घेऊन बसले. बघते तर पट तसाच, दोघं लोळून राह्यलेले. म्हटलं, “आता काय कमी पडलं?”

“तू मांडून देती आणि बघत बसती,” धर्मा म्हणाला. “मामी खेळती. हारली की खरंच चिडती. एकदा तिनं माझ्यासंग दुपारभर अबोला धरला होता.”

“अन् चिंचोका पदराखाली लपवला होता,” बेबीनंदा उठून बसली. “आम्ही पकडली तिला. लबाड मामी!”

सांगताना दोघांचे चेहरे असे उजळले की मला माझ्याच घरात पाहुणी असल्यासारखं वाटलं. पोथी मिटून मी पटावर बसले. तीन डाव लागोपाठ हारले. तिसऱ्याला मला खरंच राग आला. पोरं जी खुश झाली!

द्वारका, मी तुला काय समजत होते ते आता लिहिते. मला वाटायचं, पोरांना रमवायला काय लागतं? तू चौथी शिकलेली, घरी माणसं दोन, तुला वेळच वेळ. पोरं उन्हात भटकतात, काळी होऊन येतात, असं मी दरवर्षी चारचौघींत म्हणायचे. काळी होऊन यायची हे खरंच. पण धर्माला पूर्णेच्या वाळूत झिरा खणता येतो. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, दुसरं टाकायचं, तिसरं टाकायचं, मंग तळाची वाळू दिसेपर्यंत हात बांधून बसायचं. जो मुलगा माझ्याकडं जेवणाच्या पाटावर धड बसत नाही, तो झिऱ्याकाठी पाणी निवळायची वाट बघत गुपचूप बसतो, हे मी मागच्या साली माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तूही त्याच्याजवळ तशीच बसली होतीस. पळसाच्या पानांची पत्रावळ लावणं, काळ्या मातीचे बैल, निंबोळ्यांच्या माळा, टरबुजाच्या बिया धुऊन वाळवून सोलणं, सगळं त्यांना येतं. नदीच्या वाळूला पैसे पडत नाहीत, झाडाच्या पानाला पडत नाहीत. मी घरातला पै-पैचा खर्चा लिहिणारी बाई, पण तुझ्या एका उन्हाळ्याचा खर्चा मांडायला बसले तर एक सुईदोरा आणि थोडा गूळ यापलीकडं काही सापडत नाही. महिनाभर मी तेच सारं करून बघितलं. सुई होती, गूळ होता. तुझ्यासारखं झालं नाही. दोन डोळे, दोन हात, सगळा जीव तिथं ठेवावा लागतो आणि दिवस मावळेपर्यंत तो काढून घेता येत नाही. हे तू सहा वर्षं केलंस, दुसऱ्याच्या लेकरांसाठी, आणि कधी एका शब्दानं दमले म्हणाली नाहीस.

इथवर दुपारी लिहिलं होतं. नळ आला म्हणून उठावं लागलं. आता परत बसले. वरचं सगळं वाचून पाहिलं. सारं खरं आहे, पण जे लिहायला बसले ते अजून आलेलंच नाही.

रविवारची गोष्ट सांगते. आमच्या भिंतीला लागून ख्वाजामियाँ शिंपी राहतात. त्यांची सलमा बेबीनंदाच्या बरोबरीची. दोघींनी बाहुला-बाहुलीचं लग्न काढलं. नवरी म्हणजे तू जुन्या लुगड्याची करून दिलेली तीच. नवरा सलमाचा, शेरवानीच्या चिंध्यांचा, लई देखणा. मी म्हटलं, “अगं, हिचं तर मागच्या आखाजीला लागलं की लग्न, मामीच्या अंगणात.” तर बेबीनंदा म्हणाली, “ते लागलं न्हाई.” मी सूप उचलून आत गेले.

दोघींची देण्याघेण्याची बैठक ओट्यावर बसली. मी आत तांदूळ निवडून राह्यले होते.

“दूल्हे को घड़ी होना,” सलमा म्हणाली.

“आमची परिस्थिती न्हाई बाई.”

“तो फिर सायकल दो.”

“सायकल तर घड्याळापेक्षा महाग!”

“काडीपेटी को बटन के चाक लगा दे ना. मैं नक्को बोली क्या?”

धर्मा भटजी झाला, यांचा पंचा नेसून. दक्षिणा म्हणून शेंगदाणे आधीच खाऊन बसला. गल्लीतली पाच-सात पोरं वऱ्हाडी. आणि समोरच्या कांताबाई आल्या. त्या तुला माहीत आहेत, माझ्या बाळंतपणात सव्वा महिना त्यांनीच डबे दिले होते. वीस वर्षांचा संसार, घरात लेकरू नाही. बिचाऱ्या हौसेनं वाटीत हळद कालवून घेऊन आल्या, मांडी घालून बसल्या आणि बोट हळदीत बुडवलं.

बेबीनंदानं त्यांचा हात धरला. “मावशी, तुम्ही नका ना. पहिली हळद लेकुरवाळीनं लावायची असती. आई, तू ये.”

उद्धटपणा काही नव्हता गं. गोड बोलली. शहाण्या मुलीनं बोलावं तशी.

कांताबाई हसल्या. “हो गं माय, बराबर हाय.” वाटी तिच्या हाती दिली, पदराला बोट पुसलं. “माझं दूध हाय चुलीवर, बघून येते.” दुपारचे चार वाजलेले. त्यांच्याकडं गवळी सहाला येतो.

मी उंबऱ्यातच उभी राहिले.

तुला आता कळलं असेल मी काय लिहिणार ते. तरी लिहिते, कारण वर्षभर न लिहिता राहिले.

मागच्या आखाजीला मी एसटीतून उतरून आले तेव्हा तुझ्या अंगणात ज्वारीच्या धाटांचा मांडव होता. धर्मानं कॅलेंडरच्या पाठीवर लग्नपत्रिका लिहून गल्लीभर वाटल्या होत्या. आठ-दहा बायका आल्या होत्या. एकेका पानाच्या पत्रावळी, त्यावर चिमूटचिमूट भात. आणि तू नवरीची आई. पोरं हसत होती की मामीनं खरोखरच उपास धरला आहे, लग्न लागेपर्यंत पाणीसुद्धा घेणार नाही म्हणती. तू नवी साडी नेसली होतीस. हळदीची वाटी उचललीस, आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, “थांब द्वारका. पहिली हळद लेकुरवाळीच्या हातची लागती.” तुझ्या हातातली वाटी घेऊन मी शेजारच्या नंदाबाईला दिली.

तू हसलीस. “बराबर आहे आक्का,” म्हणालीस. “मी पाक बघून येते.” आणि आत गेलीस. अक्षता पडल्या तेव्हा तू बाहेर नव्हतीस. दुसऱ्या दिवशी मी निघाले तर तू रीतीप्रमाणं माझी ओटी भरलीस, पोरांच्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू दिलेस, फाट्यापर्यंत चालत आलीस. मला वाटलं, झालं, विसरली.

वर्षभर मी मनाशी घोकत राहिले की रीत आहे ती आहे, मी काही पदरचं बोलले नाही. मंग एक दिवस घरातल्या व्रताच्या पोथ्या काढून पाहिल्या. कापडाच्या बाहुलीला हळद कोणी लावावी ते कुठंच लिहिलेलं नाही. खऱ्या नवरीचं कुठं लिहिलं असेल तर तेही मला आता वाचायचं नाही.

आणि खरं सांगू? मी रीत म्हणून बोललेच नव्हते. मी अंगणात आले, ‘बेबी’ म्हणून हाक मारली. पंधरा दिवसांनी आईला बघून पोरीनं मान वळवली, “आई आली” म्हणाली आणि लगेच परत तुझ्या हाताकडं बघायला लागली. ते मला सोसलं नाही. पोरं माझी आहेत हे मला चारचौघींत सांगायचं होतं. तसं तोंडानं बोलायची लाज वाटली, म्हणून रीत पुढं केली. देवीच्या पुढं रोज हात जोडते, पण हे तिलाही सांगितलं नव्हतं. तुला सांगते.

रविवारी कांताबाई गेल्यावर मी बेबीनंदाला जवळ घेतलं. म्हटलं, “बाई, मी त्या दिवशी मामीला बोलले ते चूक होतं. तसं काही नसतं.”

तिनं बाहुली मांडीवर घेतली. मंग म्हणाली, “मामी जेवली नव्हती.”

“कधी?”

“लग्न झाल्यावर. मी तिला पुरणाचा घास नेला होता. ती मागच्या दारी धुतलेलीच भांडी परत धुऊन राह्यली होती. म्हणाली, उपास नवरीच्या आईचा असतो, मी कुठं नवरीची आई. तू खा. म्हणून मी खाल्ला.” आणि मंग एवढीशी पोर मला विचारती, “मंग तिचा उपास कुणी सोडवला?”

वर्ष झालं द्वारका. नऊ वर्षांच्या पोरीनं हे वर्षभर पोटात ठेवलं, आणि मी, तिची आई, त्या रात्री तुझ्या हातची पुरणपोळी तुपाशी खाल्ली.

मी तशीच कांताबाईंकडं गेले. त्यांनी चहा टाकला. “लेकरू बोललं, तू कशाला कानकोंडी होतीस?” म्हणाल्या.

“लेकराचं न्हाई, मी माझं बोलून राह्यले. तिला मी शिकवलं.”

त्यांनी कपात साखर टाकली, ढवळत राहिल्या. मंग म्हणाल्या, “तुळजाबाई, वीस वर्षांत हे मला लई जणींनी म्हटलं. परत येऊन चूक झाली म्हणणारी तू पहिली.” मला त्याचा आनंद वाटला नाही. त्यांच्या त्या लई जणींत मीही केव्हातरी असेन, मला आठवत नाही एवढंच.

लग्न मोडलं नाही, पुढं ढकललं. सलमा नवऱ्याला काखेत मारून “बारात वापस” करत घरी गेली. संध्याकाळी बेबीनंदानं सांगून टाकलं, नवरीच्या आईशिवाय लग्न लागणार नाही, आणि नवरीची आई जाफराबादला आहे.

म्हणून आता माझं काय ठरलं ते ऐक. कचरूमामा उद्या बैल बघायला तुमच्याकडं जाऊन राह्यले, त्यांच्या हाती हे पत्र देते. शनिवारी सकाळच्या गाडीनं मी दोन्ही पोरांना घेऊन निघते. सासूबाई बोलल्याच, “मुराळी न्हाई, सांगावा न्हाई, अन् माहेरी निघाली?” मी म्हटलं, “दार मीच लावून आले, उघडायला मलाच जावं लागल.” यांनी गाडीभाडं काढून दिलं. सलमानं नवरा दिला आहे, पण अटीवर: “वापस लाना, और दावत का एक लाडू.” काडीपेटीची सायकलही झाली आहे, ती धर्मा हातात धरून आणणार, पिशवीत चेपल म्हणतो.

तुझी तब्येत बरी नसते हे मी खरंच धरून चालते. मी केलेलं दुखणं आहे ते, दुसऱ्या कुणाचं नाही.

शनिवारी मी उपाशी निघणार. मागच्या आखाजीचा तुझा उपास सुटलेला नाही, तो आधी सुटू दे. हळद तू लाव. पहिली, आणि सगळ्यांच्या देखत. बायकांनाही बोलाव, नंदाबाईलाही. त्यांच्यासमोर मी बोलले होते, तर आता जे बोलायचं तेही त्यांच्यासमोरच बोलते. मंग तू जेव. तुझ्या पानात शेवटचा घास राहील तेव्हा मला वाढ.

आणि हात उचलावासा नाही वाटला, तर तसं सरळ सांग. हसू नको, पाक बघायला जाऊ नको. मी तुझ्या ओट्यावरूनच दुपारच्या गाडीनं तशीच उपाशी परत जाईन, त्यात तुझ्याकडं काही दोष येणार नाही. पोरं तेवढी ठेवून घे. शाळा पंधरा जूनला आहे. ती तुझ्याकडं जेवढी माझी राहतात तेवढी माझ्याकडंही राहत नाहीत, हे मला या उन्हाळ्यानं शिकवलं.

नणंदेनं भावजयीला आशीर्वाद लिहायचा असतो. या वेळी थोरलेपण बाजूला ठेवून तुला नमस्कार करते.

तुझी
तुळजा